डिस्चार्ज मिळाल्यानंतरचे वर्ष

मार्च उजाडला की आमच्या रत्नागिरीच्या बाजूला हापूसच्या बागांत माणसे कलमांवर चढू लागतात, आणि मे संपेपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावातून कोणीतरी पडल्याची बातमी येतेच. कोणी कलमावरून पडतो, कोणी माडावरून, कोणी पोफळीवरून. पावसाळा लागला की शेवाळलेल्या खोडांवरून घसरणाऱ्यांची आणि उथळ पाण्यात सूर मारणाऱ्या पोरांची त्यात भर पडते. पडलेला माणूस वाचला, ऑपरेशन होऊन मणक्यात पट्ट्या आणि स्क्रू बसले, टाके निघून तो घरी आला, की आता पडून राहिला म्हणजे हळूहळू बरा होईल असे सगळे धरून चालतात. माझा अनुभव असा आहे की मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराला, इजा झालेल्या माणसाच्या जिवाला खरा धोका घरी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात असतो. तो टाळण्याची विद्या अवघड नाही आणि ती घरच्या घरी शिकता येते. मात्र ती शिकवायला त्याच जगण्यातून गेलेला कोणीतरी दारात यावा लागतो.

मी स्वतः बागायतदाराच्या घरातला. आमची कलमे कातळावर लावलेली आहेत, सुरुंग लावून खड्डे घेऊन आणि बाहेरून माती भरून. अशा जागी पडणारा मातीत पडत नाही, जांभ्यावर पडतो. शेंड्याकडची फळे झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने, काढत असताना पायाखालची फांदी मोडली आणि मी पाठीवर आदळलो. पाठीचे मणके संपून कंबरेचे सुरू होतात त्या जागी, म्हणजे डॉक्टर ज्याला डी-१२ आणि एल-१ म्हणतात तिथे, मज्जारज्जू चेंगरला. तेव्हापासून कंबरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही, लघवी-संडासाची जाणीव नाही. ऑपरेशन चांगले झाले होते आणि डॉक्टरही मनाने चांगले होते, परंतु घरी सोडताना हातात जो कागद दिला त्यावर गोळ्या आणि पुढच्या तपासणीची तारीख यापलीकडे काही नव्हते.

त्यानंतर काही आठवड्यांनी खाडीपलीकडच्या गावातून एक गृहस्थ आले. ते वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे होते आणि माडावरून पडून अनेक वर्षे चाकाच्या खुर्चीत होते. मुलाने आणि रिक्षावाल्याने त्यांना खुर्चीसकट उचलून आमच्या ओटीवर आणले. बघायला येणारा प्रत्येक जण मला कसे पडलात हे विचारत असे. त्यांनी ते विचारले नाही. 'टाचा बघू,' म्हणाले. चादर बाजूला करून त्यांनी दोन्ही टाचा निरखल्या, आणि माझ्या आईला म्हणाले, 'काकी, उशी टाचेखाली नको, पोटरीखाली घाला. टाच कशालाच टेकता नये, अधांतरी ऱ्हायला हवी.' माझी डावी टाच काळपट पडायला लागली होती आणि घरात ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. त्यांनी त्या दुपारी आम्हाला जे शिकवले त्यावर मी आजवर तगून आहे, आणि आता आमच्या भागात असे कोणी घरी आल्याचे कळले की मी तेच काम करतो.

त्या विद्येचा पहिला भाग कातडीचा आहे. धडधाकट माणूस गाढ झोपेतही कूस बदलत असतो, कारण दबलेल्या जागेची तक्रार मेंदूपर्यंत पोहोचत असते. मज्जारज्जू निकामी झाला की ती तक्रार पोहोचत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, बसण्याची हाडे अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांतच ते आतून मरू लागते. वरून एवढासा लालसर डाग दिसतो. तो फुटतो तेव्हा आत हाडापर्यंत पोकळी झालेली असू शकते. अशी जखम भरायला महिनेच्या महिने लागतात, कधी प्लास्टिक सर्जरी करावी लागते, आणि तिच्यातून रक्तात जंतू पसरले तर माणूस जातो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगभर अशा माणसांची आशा जवळजवळ सोडूनच दिली जात असे. शय्याव्रण, म्हणजे अशा दाबाच्या जखमा, आणि लघवीचा जंतुसंसर्ग या दोन कारणांनी त्यांतले बहुतेक जण थोड्याच काळात दगावत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेल्या या डॉक्टरने कोणतेही जादूचे औषध शोधले नव्हते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची, लघवीची स्वच्छता कडकपणे पाळायची, आणि रुग्णाला अंथरुणातून उठवून कामाला आणि खेळाला लावायचे, असा त्यांचा आग्रह होता. याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ साली चाकाच्या खुर्चीतल्या माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि तिच्यातून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली अधू झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. कोणाच्या घरी गेलो की मी पेटकरांची गोष्ट सांगतो, पण आधी भिंतीवरचे घड्याळ बघायला सांगतो. दोन तासांची पाळी कोणी कधी सांभाळायची हे ठरल्याशिवाय मी त्या घरातून निघत नाही. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन बूड उचलायचे, किंवा पुढे आणि दोन्ही बाजूंना वाकून भार हलवायचा, हेही त्यातच आले.

या बाबतीत आपल्याकडे दोन समज फार पक्के आहेत. पहिला म्हणजे बसायला रिक्षाच्या चाकाची ट्यूब फुगवून देणे. मधल्या भोकामुळे माकडहाडाला आराम मिळतो असे वाटते, पण भोकाच्या कडेने कातडी ताणली जाते आणि मधल्या भागाचे रक्त आणखी अडते. दुसरा म्हणजे लाल झालेल्या जागेवर खोबरेल तेल ओतून जोरजोराने चोळणे. कोरड्या कातडीला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. परंतु हाडावरची लाल जागा चोळली की आतले अर्धमेले मांस पुरते तुटते. घरच्या म्हाताऱ्या मायेने करत असतात, त्यामुळे त्यांना हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात.

मी सोबत एक लांब दांड्याचा आरसा नेतो. लांज्याकडच्या एका गावात चिऱ्याच्या बांधकामावरून पडलेला एक तरुण होता, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. त्याला कुशीवर वळवून मी आरसा त्याच्या पाठीमागे धरला आणि स्वतःची पाठ स्वतः बघायला लावली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. त्याच्या बायकोला मी त्या डागावर बोट दाबून सोडायला सांगितले. दाबल्यावर डाग पांढरा पडला आणि बोट काढल्यावर हळूहळू लाल झाला, तर रक्त अजून फिरते आहे असे समजावे. दाबूनही तो लालच राहिला तर जखमेला सुरुवात झाली आहे, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर एक क्षणही भार द्यायचा नाही. तिथला डाग लालच राहिला. तो तरुण त्यानंतर बरेच दिवस पालथा आणि कुशीवर झोपून राहिला, कंटाळला, चिडला, पण जखम फुटली नाही. आता तो दिवसातून दोनदा आरसा स्वतः धरतो. संवेदना नसलेल्या पायांची रोज तपासणी करताना बोटांच्या बेचक्यासुद्धा बघाव्या लागतात, कारण आपल्या घरांत मुंग्या, डोंगळे आणि उंदीर यांना काही तोटा नाही आणि त्यांनी चावलेले आम्हाला कळत नाही. चुलीजवळ बसणे, मांडीवर गरम चहाचा पेला ठेवणे आणि अंदाज न घेता पायांवर कढत पाणी ओतणे या तीन गोष्टींनी भाजलेली माणसेही मी पाहिली आहेत.

दुसरा भाग लघवीचा. घरी येताना बहुतेकांना कायमची नळी आणि पिशवी लावलेली असते आणि ती कधी बदलायची हे घरच्यांना धड ठाऊक नसते. ज्यांचे हात चालतात त्यांच्यासाठी बहुतेक वेळा याहून चांगली रीत म्हणजे दर चार ते सहा तासांनी स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करणे आणि नळी काढून घेणे. हात साबणाने धुवायचे, जागा धुवायची, नळीला जेली लावायची, लघवी मापाच्या भांड्यात घ्यायची. एका वेळी चारशे-पाचशे मिलीलिटरच्या वर साठू द्यायचे नाही. ऐकताना अंगावर काटा येतो, पण ही क्रिया आठवडाभरात हाताला बसते आणि माणूस पिशवीतून सुटतो. ती कोणाला योग्य आणि कोणाला नाही हे मूत्रविकारतज्ज्ञाने ठरवायचे असते, म्हणून मी आधी त्यांच्याकडे पाठवतो. लघवी गढूळ होणे, उग्र वास येणे, थंडी वाजून ताप भरणे, पायांचे झटके अचानक वाढणे ही संसर्गाची लक्षणे मी मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवून येतो.

मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्यांच्या घरी आणखी एक गोष्ट सांगावी लागते. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर नुसती नळी मुडपून मूत्राशय तुडुंब भरले तरी रक्तदाब एकदम चढतो, डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होऊन घाम फुटतो. अशा वेळी घरचे घाबरून माणसाला आडवा करतात, आणि करायचे असते नेमके उलटे. त्याला ताठ बसवायचे, घट्ट कपडे सैल करायचे, नळी तपासून लघवी मोकळी करायची आणि तेवढ्याने थांबले नाही तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, डोहात सूर मारून मान मोडलेल्या एका कॉलेजातल्या मुलाला त्याच्या आजीने असे वाचवले आहे. त्या माउलीला वाचता येत नव्हते, पण नळीचा पीळ तिला बरोबर दिसला.

शौचाविषयी बोलायला सगळेच संकोचतात, आणि माणूस घराबाहेर पडणे बंद करतो ते बहुतेक वेळा याच कारणाने. एखाद्या लग्नात किंवा एस. टी. मध्ये कपडे खराब होतील या धाकाने धडधाकट हातांची माणसे माजघरात वर्षानुवर्षे पडून राहिली आहेत. यावर उपाय वेळेचा आहे. रोज किंवा एक दिवसाआड एकाच ठरलेल्या वेळी, काही खाल्ल्यावर किंवा गरम चहा घेतल्यावर वीस-तीस मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेले की आतड्याची हालचाल आपोआप वाढते, हातमोजा घालून गुदद्वाराला बोटाने चालना द्यायची किंवा डॉक्टरांनी सांगितलेली, गुदद्वारात ठेवायची औषधी वळी वापरायची. काही आठवड्यांत शरीराला ती वेळ पडते आणि उरलेला दिवस निर्धास्त जातो. हे मी घरातल्या सगळ्यांना ओटीवर पाठवून, त्या माणसाला एकट्याला सांगतो. लग्न झालेले पुरुष त्याच वेळी, आवाज खाली आणून, संसाराविषयी आणि मुलाबाळांविषयी विचारतात. डॉक्टरी मदतीने मूल होणे पुष्कळदा शक्य असते आणि जवळीक पायांवर अवलंबून नसते, हे त्यांना सांगणारे मी तरी पहिल्यांदाच भेटलेलो असतो.

आता घराकडे येतो, कारण कोकणात निम्मे अपंगत्व जमिनीच्या उतारात आहे. आमच्या वाड्या डोंगराच्या उतरणीला वसलेल्या, घरे उंच जोत्यांची, आणि रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी. खुर्ची कितीही चांगली असो, पाखाडीच्या पहिल्या पायरीला तिचे काम संपते. उताराचा नियम असा की एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी हवी. म्हणजे दोन फुटी जोत्याला चोवीस फुटी उतार लागतो आणि तेवढे खळे सगळ्यांकडे नसते. मग घराच्या बाजूने वळण घेऊन, मध्ये सपाट टप्पा ठेवून तो बसवावा लागतो. गवंडी घाईने सहा फुटांत तो उरकायला बघतात, आणि तशा चढावरून खुर्ची मागे उलटून डोके फुटण्याचीच शक्यता जास्त. न्हाणीघराचे दार अरुंद असेल तर चौकट काढून पडदा लावणे हा स्वस्त उपाय आहे. पलंगावरून खुर्चीत सरकण्यासाठी आमच्या गावच्या सुताराने मला फणसाची फळी गुळगुळीत तासून, कडा गोल करून दिली. तशा फळ्या तो आता लाकडाच्या किमतीत करून देतो आणि मजुरी घेत नाही.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. हवेतल्या ओलीने कपडे वाळत नाहीत, दमट चादरीवर कातडी लवकर सोलवटते. विजेवर चालणारी हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलायची गरज नाही असे दुकानदार सांगतात, तो भ्रम आहे, आणि त्यातून आपल्याकडची वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. हवेची गादी बसली की खाली उरते ती कडक फळी. म्हणून चांगल्या जाड फोमची गादी, सुक्या चादरींचा साठा, बॅटरी आणि दोन तासांची पाळी हीच पावसाळ्याची तयारी.

माणूस पडला की घरचे ग्रामदेवतेला कौल लावतात, गाऱ्हाणे घालतात. माझ्यासाठीही घातले होते आणि त्याने माझ्या आईला धीर आला, हे मी जवळून पाहिले आहे. त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. माझा विरोध आहे तो 'दबलेली नस मोकळी करून सहा महिन्यांत चालवतो' म्हणणाऱ्यांना. कोणी मुळ्या देतात, कोणी मणका तोडून-मोडून बसवतात, आणि अलीकडे शहरांत स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शने लाखो रुपये घेऊन देणारे निघाले आहेत. मज्जारज्जूच्या इजेवर सिद्ध झालेला असा उपचार आज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर असे उपचार करता येत नाहीत, आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. तरीही घरोघरी दागिने मोडले जातात, कलमे गहाण पडतात. इजा अपुरी असेल, म्हणजे खाली थोडी तरी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, तर पहिल्या वर्ष-दीड वर्षात सुधारणा होऊ शकते, काही जण कुबड्यांवर चालूही लागतात. त्यासाठी नियमित फिजिओथेरपी लागते. परंतु चालता येईल तेव्हाच जगायला सुरुवात करू असे ठरवून बसलेला माणूस त्या अवधीत जखमांनी खंगतो. मी त्यांना सांगतो की आशा जरूर ठेवा, पण पैसा आधी उतारावर, खुर्चीवर आणि गादीवर घाला. ज्यांना जमेल त्यांना मी मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत जाऊन यायला सांगतो.

भेटीला माझी पत्नी सोबत असते. मी पुढच्या खोलीत बोलत असतो तेव्हा ती त्या घरच्या बाईबरोबर चुलीपाशी बसते, आणि माझ्या बोलण्यापेक्षा तिथल्या बोलण्याचा उपयोग अधिक होतो असे माझे प्रामाणिक मत आहे. नवऱ्याला ओढून उचलू नये, त्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे लावून, कंबरेत न वाकता, त्याच्याच वजनाच्या झोक्याने वळवावे, हे ती करून दाखवते. रात्री दर दोन तासांनी उठून दिवसभर बागेत राबणाऱ्या बाईची कंबर आणि मन दोन्ही मोडते. म्हणून दीर, सासू, मोठा मुलगा यांच्यात रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात हे ती सर्वांसमक्ष बोलून घेते. 'वयनी, तुमी एकटीनं सगळं करता म्हणून ते लोकांना दिसत नाय,' हे तिचे वाक्य ऐकून एक बाई बराच वेळ रडत राहिली होती. घरच्या माणसाला रडायलाही वेळ मिळालेला नसतो.

कामाचा विषय मी पहिल्या भेटीत काढत नाही. कातडी आणि लघवी मार्गी लागली, माणूस दोन-चार तास बसू लागला, की मग विचारतो. मला स्वतःला बागेने सोडले नाही. झाडावर चढण्याखेरीज हापूसच्या धंद्यात बसून करायचे काम पुष्कळ आहे. वजनाप्रमाणे फळ निवडणे, डाग आणि देठ तपासणे, पेंढ्यात पेटी भरणे, गिऱ्हाइकांचे फोन, हिशेब. पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पेट्या पाठवण्याचे काम आता माझ्याकडे आहे आणि दर हंगामात दोघे-तिघे खुर्चीवाले माझ्याबरोबर निवडणीला बसतात. काजू सोलणे, जाळी विणणे, शिवण, मोबाइल दुरुस्ती यांतही आमच्यापैकी काही जण स्थिरावले आहेत. नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीत असताना, १९८४ साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि त्या कामातून सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा प्रकल्प चालवला. अपंगांनीच अपंगांसाठी उभे केलेले असे काम कोकणात झाले आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्याला हायडेलबर्ग लांब वाटते आणि कुडाळ-सावंतवाडी जवळचे.

सरकारी कागदांबद्दल थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, आधी काढावे, पुढचे सगळे त्यावर चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के आणि त्यावरील अपंगत्वाला बहुतेक सवलती आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत मागितल्याशिवाय तो बहुधा मिळत नाही, मागितल्यावर आमच्याकडे दोन घरांचे उतार त्यातून झाले आहेत. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यात मृत्यू आल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. माझा आक्षेप इथे आहे. ही योजना सातबारावर नाव असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. झाडावर चढतो तो पुष्कळदा भूमिहीन मजूर किंवा हंगामापुरता आलेला नेपाळी गडी. ज्याच्या बागेत तो पडला त्या मालकाला संरक्षण आहे आणि पडणाऱ्याला नाही. बागायतदारांनी हंगामाआधी आपल्या गड्यांचा अपघाती विमा उतरवावा, असे मी आमच्या संघाच्या बैठकीत दरवर्षी मांडतो. काहींनी ते सुरू केले आहे आणि उरलेल्यांना मी सोडणार नाही.

पडणेच कमी करता येईल का, हाही प्रश्न आमच्या हातातला आहे. जुनी, आकाशाला भिडलेली कलमे छाटून बुटकी करणे, म्हणजे पुनरुज्जीवन करणे, दापोलीचे कृषी विद्यापीठ कित्येक वर्षे सांगत आहे. त्यांचा नूतन झेला वापरला तर पुष्कळ फळ जमिनीवरून किंवा खालच्या फांदीवरून देठासह काढता येते. छाटल्यावर दोन-तीन वर्षे उत्पन्न बुडते म्हणून लोक कचरतात. मी आमच्या बागेतली कलमे टप्प्याटप्प्याने, दरवर्षी थोडी थोडी, छाटून घेतली आहेत, आणि उत्पन्नाचा खड्डा त्यामुळे सोसवेल इतपतच राहिला.

आणि कोणी पडलाच, तर त्याला उचलण्याची रीत प्रत्येक बागेत माहीत असली पाहिजे. आजही पडलेल्याला बगलेत आणि गुडघ्यांत धरून, घडी करून रिक्षात कोंबतात. मोडलेल्या मणक्याची हाडे त्या घडीत मज्जारज्जूत घुसू शकतात आणि जे थोडे वाचले असते तेही जाते. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा, तोवर त्याला बसवू नये, पाणी पाजू नये, एकाने डोक्यामागे बसून डोके आणि मान दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावी. हलवणे भागच असेल तर चौघापाच जणांनी डोके, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, एकाच्या शब्दावर, ओंडक्यासारखे सरळ वळवून त्याला सपाट फळीवर घ्यावे आणि फळीसकट बांधून न्यावे. मांगराचे, म्हणजे बागेतल्या खोपटाचे, दारसुद्धा या कामाला चालते. हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत, मी आणि निवडणीला बसणारे माझे सहकारी बागांमधून हे प्रात्यक्षिक करून दाखवतो. झोपायला एक गडी आणि उचलायला पाच जण पुरतात, अर्ध्या तासाचे काम आहे. राजापूर आणि देवगडकडच्या बागांत आम्ही अजून पोहोचलेलो नाही. रस्त्यालगतच्या, खुर्ची पोहोचेल अशा बागेत माणसे गोळा करून कोणी बोलावले, तर यंदा तिकडेही यायची आमची तयारी आहे.